सदाफुलीचा काढा

दोहा, ४ मे २००६

राणीताईस जालिंदरचा नमस्कार,

दाजींना ऊन लागलं, असं मी तुला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं गं. आमच्या कॅम्पातला केनियाचा वेल्डर म्हणाला, त्यांच्या गावी शुगरवर सदाफुलीचा पाला उकळून देतात. मीच तो काढा करून दिला. दाजींनी शुगरची नेहमीची गोळीही घेतली होती. साइटवर त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते कोसळले.

दवाखान्यात उरलेला पाला बघून डॉक्टर रागावले. "या पाल्यातली रसायनं साखर उतरवतात. कॅन्सरचं औषधसुद्धा यातूनच काढतात. हा काय खेळ आहे? कोणी दिलं?"

मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "मीच घेतलं, साहेब."

आता ते बरे आहेत. अजून माझ्याच हातचा चहा मागतात. त्यांनी झाकलेलं मी कसं उघडं करू? म्हणून तर हे पत्र टाकायला धीर होत नाही.

तुझाच,
जालिंदर