नर रातांबा

अण्णा, तो रातांबा नर होता आणि तुम्हाला ते माहीत होतं. खरं तर एवढं एकच वाक्य लिहायला बसलो होतो. पण आपल्या बापलेकांत एका वाक्यात बोलणं मला कधी जमलंच नाही, तुम्ही मधेच तोडायचात. आता तोडू शकत नाही, म्हणून सावकाश लिहितो.

मी सध्या फ्लोरिडात मुलाकडे असतो. बायको गेली, उत्तरेकडचं पिस्कॅटवेचं घर विकलं, तिथल्या बर्फाचाही कंटाळा आला होता. इथे मागच्या अंगणात बारा महिने ऊन सांडलेलं असतं आणि हवेला आपल्याकडच्या ज्येष्ठासारखा ओला वास येतो. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही कोकणातले. झाडं तुम्हीच सिलेक्ट करा." झालं, मी लगेच स्वप्नात. दारी हापूस, कोपऱ्यात फणस, सावलीत खुर्ची आणि मांडीवर शाळेतलं कवितांचं पुस्तक. सून नागपूरची, जमिनीवर पाय असलेली. नर्सरीत ती फोन हातात धरूनच माझ्या मागे फिरत होती. "हापूस नका घेऊ बाबा. इथल्या दमट हवेत मोहोर काळा पडतो म्हणे." मग फणस? "लहान झाडाला एक थंडीची रात्र पुरते. आणि फळ धरायला किती वर्षं! तुम्ही काय म्हातारे होईपर्यंत थांबणार आहात?" बोलली आणि तिनं स्वतःच जीभ चावली. मी म्हटलं, "अगं, झालोय की." मग दोघंही हसलो. लिंबाला इथे कसलासा रोग आहे, तो बाद झाला. पेरू ठरला. शेवटी ती पपईच्या रोपांपाशी थांबली. "ह्या बेस्ट. वर्षभरात फळ. पण तीन घ्या, एखादा नर निघतोच. त्याला नुसती फुलं येतात, फळ कधीच नाही. आधी ओळखता येत नाही, पण फुलं आली की कळतं."

फुलं आली की कळतं. मी तिथेच उभा राहिलो. "बाबा, चक्कर येतेय का? पाणी आणू?" चक्कर नव्हती, अण्णा. मी आपल्या घरामागच्या परड्यात उभा होतो.

वैशाख आहे. सगळ्या रातांब्यांखाली कोकमांचा लाल सडा पडलाय, फक्त आईनं माहेराहून रोप आणून लावलेल्या झाडाखाली नाही. फुलं दरवर्षी भरभरून, फळ एक नाही. वांझ झाडाला धाक घालायची आपल्याकडची रीत. मालकानं कोयती उगारायची, म्हणायचं, "यंदा दिलं नाहीस, आता मुळासकट काढतो." आणि घरातल्या कुणीतरी बुंध्याआडून झाडाच्या वतीनं गयावया करायची. ते काम माझं. तुम्ही गड्यांना हाक मारून बोलावता, कलमं न्यायला आलेली गिऱ्हाइकंही थांबवता. मी बुंध्याला मिठी मारून ओरडतो, "एक वर्ष द्या मालक, पुढच्या वर्षी देतो!" गडी हसतात. तुम्ही कोयती खाली करता, आणि आई माजघराच्या दारातून माझ्याकडे असं बघते की जणू मी तिला काही आणून दिलंय. पहिल्या वर्षी तसं झालं, दुसऱ्याही वर्षी. तिसऱ्या वर्षी मला वाटलं, नेहमीचे शब्द झाडाला पुरत नसतील. मी वर्गात पाठ केलेली झाडावरची कविता म्हटली, चालीवर, डोळे मिटून. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलीत. एवढं शांतपणे तुम्ही माझं कधीच काही ऐकलं नव्हतंत. मग म्हणालात, "वा! आता आणखी दोन म्हण. कवितेला रातांबे लागतात का बघू." आणि घाव घातलात. दुसरा घाव घालताना म्हणालात, "तुझ्या शब्दाची किंमत एवढी."

ओल्या लाकडाचे तुकडे तुम्ही आईकडून चुलीत घालून घेतलेत. त्यावर तापलेल्या पाण्यानं अंघोळ केलीत आणि धूर होतो म्हणून तिच्यावरच ओरडलात. ती डोळे पुसत होती, धुरानं किंवा कशानं ते मला कळलं नाही. मला जवळ घेऊन एवढंच म्हणाली, "नीट मागायला हवं होतंस रे." तिनं रागानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते मी आजवर विसरलो नाही. ती गेली तेव्हाही शेवटी माझ्या मनात हेच होतं, की मी हिच्यासाठी नीट मागितलं नाही.

नर्सरीतून आल्यावर सुनेला विचारलं, "रातांब्याचं काय असतं गं, बघ ना." तिनं फोनवर बघून सांगितलं: नर झाड वेगळं, मादी वेगळं, फुलांवरून ओळखतात. तीन गावांतली माणसं तुमच्याकडे कलमं न्यायला यायची, अण्णा. अंधारात नुसतं पान चुरगाळून तुम्ही आंब्याची जात सांगायचात. पहिल्या बहरालाच तुम्हाला कळलं असणार. म्हणजे मी मागत होतो तेव्हा मागण्यासारखं तिथे काही नव्हतंच, आणि हे परड्यात एकट्या तुम्हालाच माहीत होतं. सुरुवातीलाच काढून टाकलं असतंत तर मी तुम्हाला नुसतं कठोर म्हटलं असतं. तीन वर्षं ठेवलंत, ते करमणुकीसाठी. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिकिटं मिळत नाहीत असं सांगितलं होतं. तिकिटं मिळत होती. त्याचं थोडं वाईट वाटायचं. नर्सरीतून आल्यापासून वाटत नाही.

पपया आम्ही मातीचा उंचवटा करून लावल्या, पावसात खालच्या वाळूतून पाणी वर येतं म्हणून. वाऱ्यासारख्या वाढल्या. दोघींना बुंध्यालगत फळं धरली. तिसऱ्याला लांब देठांवर फुलांचे घोस लोंबतात, संध्याकाळी गोड वास सुटतो. मुलगा म्हणाला, "बाबा, हा मेल आहे यार, काढून टाकू. जागा अडवतोय." मी म्हटलं, "राहू दे." कारण नात. चौथीत आहे, मराठी समजतं, उत्तर इंग्रजीतून येतं. हे झाड तिनं स्वतः लावलंय. पूर्वी ती शाळेतून आली की सरळ खोलीत जायची. आता दप्तर टाकते, माझ्या खुर्चीपाशी येते आणि विचारते, "आजोबा, एनी बेबीज टुडे?" मग आम्ही दोघं फुलं बघतो. मी तिला एखादी कविता म्हणून दाखवतो. अर्धी तिला कळत नाही, तरी ती ऐकते. एकदा म्हणाली, "मेबी इट्स शाय. टॉक टू इट." मी त्या झाडाशी बोललो. गंभीर चेहऱ्यानं.

खरं सांगायला दोन वाक्यं पुरतील. ती रडेल, मग विसरेल, मग दप्तर घेऊन सरळ खोलीत जाईल. म्हणून सांगत नाही. वर्षातून त्या एका दिवशी मी तुमच्या इतका जवळ उभा असायचो, तुम्हालाही तेच हवं असेल, म्हणून झाड ठेवलं असेल, असं एक वाक्य मी मघाशी लिहिलं होतं. खोडलं. तेवढं तुम्हाला देणार नाही.

हा कागद औषधांच्या खणात तळाशी ठेवतो. सुनेला अक्षर लागत नाही, मुलाला वेळ नाही. आणि एवढं कबूल करतो: काल नात पाणी घालून आली, ओल्या हातांनी माझं बोट धरलं आणि विचारलं, "नेक्स्ट इयर, आजोबा? प्रॉमिस?" मी हो म्हटलं, आणि म्हणताना मला जरासं हसू आलं.