शेजारचे अप्पा

प्लेनो, सप्टेंबर २००६

ती. नलूताईस नमस्कार,

आधीच सांगते, अप्पा बरे आहेत, पोटभर जेवतात. ऑपरेशननंतर आईचा गुडघा वाकतो का? हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

परवा मी कुकर लावत होते, तेवढ्यात अप्पा बाहेर गेले. फोनवर तू म्हणतेस, दार लॉक ठेव. ठेवलं होतं गं, त्यांनी उघडलं! मागेच हायवे आहे. मी अनवाणी धावले.

सापडले शेजारी, सुनहीकडे. ती कोरियन. तिचे वडीलही आपल्या अप्पांसारखेच सगळं विसरत चाललेत, आणि कोरियनमध्येही वडिलांना अप्पाच म्हणतात. ती अंगणातून त्यांना हाका मारत होती आणि आपले अप्पा ओ देत तिकडे गेले. तिने दोघांना शेजारीशेजारी बसवून नासपतीच्या फोडी दिल्या होत्या.

मी दारातूनच ओरडले, "अप्पा!"

दोघांनीही वर पाहिलं. मग आपल्या अप्पांनी त्या आजोबांकडे बोट दाखवलं आणि अगदी अदबीने मला म्हणाले, "बाई, घाबरू नका. तुमचे वडील हे काय, इथेच बसलेत."

तू दिवाळीनंतर येणार होतीस ना? आधी ये.

तुझी,
रेवा