दोन्ही सारखंच

प्रिय धाकट्या,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंस, तर मिळेल त्या गाडीनं परत येशील.

माझ्या छातीतला कफ सुटावा म्हणून बारा वर्षं रोज सकाळी तू माझी पाठ थोपटलीस. त्यापायी दोनदा बाहेरगावची नोकरी नाकारलीस. तिसऱ्यांदा बोलावणं आलं, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंकडून फुंकायचं यंत्र आणलं. त्यांनी महिनाभर दोन्ही उपाय आलटूनपालटून करायला लावले आणि कफ मोजला.

"काय म्हणाल्या?" तू विचारलंस.

"यंत्रच चांगलं म्हणाल्या. तुझ्या हातानं नुसती पाठ दुखते."

तुझं तोंड एवढंसं झालं. पण आठवड्याभरात तू नोकरीवर गेलास.

खरं तर त्या म्हणाल्या होत्या, "दोन्ही सारखंच. जे रोज नेमानं करावंसं वाटेल, ते करा."

मला काय करावंसं वाटत होतं, ते मी त्यांनाही सांगितलं नाही.

काळजी करू नकोस. मी न चुकता फुंकते, कफ सुटतो, जिनाही चढते. फक्त थोपटताना तू तुझ्या साहेबाच्या नकला करायचास आणि माझा दिवस हसत सुरू व्हायचा. ते कफाच्या मापात कुठून येणार?

तुझी खोटारडी,
ताई