पाण्याखाली जाण्याचे चार प्रकार

३ मार्च
लेकीच्या स्विमिंग क्लबात १४ तारखेला पालक-मुलांची शर्यत. एक फेरी मुलाची, एक बापाची. तिने विचारलं, बाबा, तुला येतं ना? म्हटलं, कॉलेजात चॅम्पियन होतो. पोरगी एवढी हरखली की खरं सांगायचा धीरच होईना. संकल्प: अकरा दिवसांत पोहायला शिकणे.

४ मार्च, सकाळी ९
उशिरा उठलो. पाणी गार असणार. शिवाय आधी थिअरी पक्की हवी. वीस वर्षं इंग्रजीचे क्लास घेतोय. शब्द कळला की कृती आपोआप येते.

६ मार्च
सिंक: दगडासारखं तळाला जाणं. यात कर्तबगारी शून्य. डाइव्ह: स्वखुशीने, डोकं आधी. सबमर्ज: आख्खं पाण्याखाली, पाणबुडीच्या ऐटीत. ड्राउन: यात माणूस मरतो. म्हणजे तेवढं सोडून बाकी सगळं करायचं. सोपं आहे.
बायको म्हणाली, आधी बादलीत तोंड घालून दाखव. अडाण्यांशी वाद घालू नये.

९ मार्च
क्लासमध्ये हाच धडा घेतला. टेबलावर पालथं पडून डाइव्ह दाखवला. टेबल जुनं होतं. एकाने विचारलं, सर, तुम्हाला पोहता येतं का? त्याला बाहेर उभं केलं. शिस्त म्हणजे शिस्त.

१३ मार्च
सराव तेवढा राहिला. गॉगल मात्र आणला, फार शोभतो. लेकीने सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलंय. रात्रीचे बारा वाजत आले, झोप नाही. कालचं जेवण बाधलं असणार.

१४ मार्च, दुपारी १
डाइव्ह झकास. सबमर्ज जरा लांबलं. कोचने काखेत हात घालून वर ओढलं आणि अपघातांच्या रजिस्टरमध्ये ‘ड्राउन’ लिहायला घेतलं. नाकातोंडातून पाणी गळत असतानाही त्याला समजावलं की ड्राउन म्हणजे मेला, मी तर बोलतोय, डाइव्ह लिही. त्याने ‘सिंक’ लिहिलं. भाषेची जाण कशाशी खातात ते माहीत नाही लोकांना.
लेक रडत होती. तरी टॉवेल तिनेच आणून दिला.

संध्याकाळी ७
लेकीने फॉर्म पुढे केला. लहान मुलांची नवशिकी बॅच, उद्या सकाळी सहा. नाव माझं. ‘पालक’ या रकान्यात तिची सही. म्हणाली, खरं सांगितलं असतंस तर मीच शिकवलं असतं.
उद्या उठणार. दंडाला बांधायचे फुगे तिचेच जुने आहेत. घट्ट होतात. चालेल.