अटेंडंट कोण?

१७ सप्टेंबर, बुधवार
सकाळी साडेनऊ

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचा तक्रारीचा मसुदा, दोन्ही मिळालं. पाठदुखी कशी आहे? खुर्ची बदल म्हणून मी मागेच सांगितलं होतं, पण तू माझं कधी ऐकलंयस! तुझ्या नवऱ्याला नमस्कार सांग आणि लेकाला माझा पापा दे. मिसरूड फुटलं असलं तरी दे.

मी बरी आहे. बाबांची खोली आवरायला घेतलीय. टाइपरायटरच्या सुट्या भागांचे तीन डबे निघाले, प्रत्येक स्प्रिंग कागदात गुंडाळलेली, वर पेन्सिलीने यंत्राचं नाव. ते कुणाला द्यायचे ते कळत नाही. सध्या उचलते आणि परत तिथेच ठेवते.

तू लिहिलंस, तक्रार करायची तर बाबांच्या फायलीची नक्कल लागेल. परवा रुग्णालयातून ती आणली. रेकॉर्ड ठेवतात त्या खोलीबाहेर बाकावर बसून चाळत होते. छप्पन्न पानं. एकेचाळिसाव्या पानावर थांबले.

त्या पानावर लिहिलंय: आतड्याला छिद्र पडलं आहे, तातडीने ऑपरेशन करावं लागेल, केलं तरी धोका मोठा आहे, न केल्यास जीव वाचणार नाही, हे सर्व नातेवाइकांना समजावून सांगितलं. नातेवाइकांचा ऑपरेशनला नकार. वेळ सकाळी अकरा वीस. नातं : मुलगी. आणि खाली सही. माझ्या नावाची.

बारके, ती सही माझी नाही.

माझ्या नावातली वेलांटी चुकलेली आहे. पहिली दीर्घ हवी, तिथे ऱ्हस्व. तीस वर्षं पोरांच्या वह्यांमध्ये मी अशा वेलांट्यांना लाल गोल केले. स्वतःच्या बापाच्या मरणाच्या कागदावर, स्वतःच्याच नावात ती चूक दिसली, तर काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी बाकावरून उठले ती थेट बाहेरच्या दारातून रस्त्यावर आले. छत्री बाकावरच राहिली.

तुझ्या मसुद्यात तू लिहिलंयस, 'नातेवाइकांना न विचारता ऑपरेशन टाळलं.' असं तुला वाटणं साहजिकच आहे. मीच तुला फोनवर सांगितलं होतं की ऑपरेशनचा विषयच निघाला नाही, मी शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होते, ते शांतपणे गेले.

ते शांतपणे गेले की नाही हे मला माहीत नाही. मी तिथे नव्हते.

हे वाक्य लिहायला सकाळपासून दोन कागद फाडले. फोनवर मला ते जमलं नसतं. तू मध्येच रडली असतीस, मी तुला समजावत बसले असते आणि समजावता समजावता पुन्हा काहीतरी खोटं बोलले असते.

आता सगळं क्रमाने सांगते.

वॉर्डात एका पेशंटमागे एकच पास मिळायचा. निळा, गळ्यात घालायचा, त्यावर माझं नाव आणि खाली मोठ्या अक्षरात 'अटेंडंट'. नियम असा की घरचंच माणूस हवं, पगारी बाई चालणार नाही. पहिले पाच दिवस मी काढले. दिवसभर लोखंडी स्टुलावर बसायचं, रात्री दोन खाटांच्या मधल्या फटीत चटई. सहाव्या दिवशी बाबांना आधार देऊन उठवताना माझी कंबर अशी धरली की नर्सनेच मला भिंतीला टेकवून बसवलं. तेव्हा शेजारच्या जोशिणीने (आपल्या नव्हे, तिसऱ्या मजल्यावरच्या) एका मावशीचा पत्ता दिला. आजाऱ्यांची देखभाल हेच तिचं काम. मावशी म्हणायचं, पण माझ्याहून दहा वर्षांनी लहानच.

मी तिच्या गळ्यात माझा पास घातला. ती घाबरली. म्हणाली, "ताई, कुणी विचारलं तर काय सांगू?"

मी म्हटलं, "अटेंडंट म्हणायचं. बस्स, एवढंच. तुम्ही अटेंडंट नाही का?"

"आहे की. एजन्सीच्या कार्डावर तेच लिहिलंय."

"मग झालं तर. यात खोटं काय?"

मला त्या वेळी स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. शब्द शिकवण्यात जन्म गेला. वर्गात मी सांगायची, अटेंड म्हणजे हजर राहणं, म्हणून हजेरीला अटेंडन्स. आणि अटेंड म्हणजेच काळजी घेणं, लक्ष देणं. लग्न अटेंड करतात, फोन अटेंड करतात आणि पेशंटही अटेंड करतात. लिफ्टमध्ये बटण दाबणारा अटेंडंट, रेल्वेच्या डब्यात चादरी देणारा अटेंडंट. आणि दवाखान्यात डॉक्टर हाक मारतात, "अटेंडंट कोण?" तेव्हा त्याचा अर्थ एकच : याचं रक्ताचं माणूस कोण? पोरांना हे सगळे अर्थ मी फळ्यावर मांडून दाखवायची. मावशीला त्यातला एकच ठाऊक होता, तिच्या कार्डावरचा. डॉक्टरांना दुसरा. दोन्ही मला ठाऊक होते आणि मी गप्प बसले.

नवव्या दिवशी, म्हणजे बाबा गेले त्या दिवशी, सकाळी मी घरी होते. तुझा फोन का घेतला नाही असं तू विचारलंस, तेव्हा सांगितलं होतं की फोनची बॅटरी उतरली होती. उतरली नव्हती. ते पुढे लिहिते. आधी मावशीला गाठायला हवं. तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय हे पत्र पुरं करायचा मला हक्क नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल तिच्याकडे जाऊन आले. दोन खोल्या. एका खोलीत तिची सासू पडून आहे. दिवसभर परक्यांचं करून ही घरी येते, ती पुन्हा तेच करायला. मला दारात बघून ती पांढरीफटक पडली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ताई, सहीचं ना?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच होतं तुम्ही एक दिवस याल. बसा."

तिने सांगितलं ते असं. डॉक्टरीणबाई घाईघाईत आल्या. "अटेंडंट कोण?" ही म्हणाली, "मी." त्यांनी तिला व्हरांड्यात नेऊन सगळं सांगितलं. आत्ता ऑपरेशन केलं तर कदाचित टेबलावरच जातील, जगले तरी बरेच दिवस नळीवर राहतील. नाही केलं तर संध्याकाळपर्यंत. ही म्हणाली, "मी घरी विचारते." बाई म्हणाल्या, "विचारा, पण लवकर."

"मग तुम्हाला फोन लावला, ताई. चार वेळा."

बारके, चारही वेळा मी फोनसमोर बसले होते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर. समोर चहा. किती दिवसांनी केस धुतले होते, टॉवेल डोक्यालाच होता. स्क्रीनवर तिचं नाव आलं आणि मला कळलं. ही बाई कधी उगाच फोन करत नाही. आता मला काहीतरी ठरवायला लावणार, हे कळलं. सहा वर्षं मीच ठरवत होते. कोणतं औषध, कोणता डॉक्टर, खाटेला कठडा लावायचा की नाही. मी फोन उचलून पालथा ठेवला. तो टेबलावर थरथरत सरकत राहिला, थांबला, पुन्हा थरथरला. मी चहा प्यायले, बारके. पूर्ण कप प्यायले. मग टॉवेल वाळत घातला. मी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते आणि चादर तोंडावर ओढलेली होती. मावशीने पास काढून माझ्या हातात दिला आणि बाबांच्या वस्तूंची पिशवी भरायला लागली. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

काल विचारलं. "नकार तुम्ही दिलात?"

"मी कोण देणार?" ती म्हणाली. "मी बाबांनाच विचारलं. म्हटलं, बाबा, पोट कापायचं म्हणतात, करू द्यायचं का? त्यांनी दोनदा मान हलवून नाही म्हटलं. तरी मी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा म्हणाले, 'पुरे आता.' मग बाईंनी कागद पुढे केला. म्हणाल्या, पासवर नाव आहे ना तुमचं, करा सही. मी पासावर बघून बघून तसंच काढलं." आणि मग रडत म्हणाली, "मला तुरुंगात टाकतील का हो, ताई?"

मी तिचा हात धरला.

आज सकाळी मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी दिलं. पास मी दिला, काय बोलायचं ते मी शिकवलं, फोन मी उचलला नाही. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही लिहून का देताय? कुणी विचारलंही नव्हतं." मी म्हटलं, "माझी धाकटी बहीण विचारणार आहे." त्यांनी पोच दिली. चौकशी होईल. त्या डॉक्टरीणबाईंनाही जाब विचारतील, ओळख न पडताळता सही घेतली म्हणून. एजन्सी मावशीला कदाचित काढून टाकेल. तसं झालं तर तिच्यासाठी मी भांडेन, पण काय होईल ते सांगता येत नाही.

तू तक्रार कर. मी अडवणार नाही. त्या मसुद्यात जिथे 'रुग्णालय' लिहिलंयस, तिथे माझं नाव घाल. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी फोन जवळ ठेवीन.

एक राहिलं. हे तुला लिहावं की नाही याचा कालपासून विचार करतेय. पण बाबा तुझेही होते.

मी निघाले तेव्हा मावशी जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलं. शेवटी शेवटी त्यांना नीट दिसत नव्हतं. अडीच-तीनच्या सुमाराला त्यांनी विचारलं, 'मोठी आली का गं?' मी काय बोलणार? मी म्हटलं, 'आले, बाबा.' त्यांनी माझा हात चाचपला आणि म्हणाले, 'दमली असशील. बस जरा.'"

"मग?" मी विचारलं.

"मग मी बसले."

तुझी,
ताई