तळं आणि खिडकी

भोपाळ,
शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

चि. ऋचास आईचे अनेक आशीर्वाद.

इथे थंडी पडली. बिट्टन मार्केटात मटार आला आहे, मेथी अगदी कोवळी मिळते. मी दोन जुड्या घेते आणि मग तीन दिवस मेथीच खाते. तब्येत उत्तम. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, मी माझ्या. हे पत्र मी बाबांच्या लॅपटॉपवर टाइप करते आहे. जोडाक्षरं काही केल्या सापडत नाहीत, तेव्हा चुका पोटात घाल.

लॅपटॉप मी हॉलमधल्या खिडकीशी ठेवला आहे. दुपारचं ऊन त्याच्यावर येतं, मग अक्षरं दिसेनाशी होतात आणि मी नुसती बसून राहते. बरं वाटतं तसं बसायला.

नोव्हेंबर म्हणजे आमचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे सरकारला दरवर्षी कळवावं लागतं, नाही तर पेन्शन थांबते. त्याचे कागद सेव्ह करायला गेले, तर लॅपटॉप म्हणाला, जागा नाही. मला नवल वाटलं. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, मी त्यात कणभरही काही टाकलेलं नाही. ज्या डब्यात कुणी काही घालत नाही तो भरला कशाने?

मंजूषाला फोन केला. शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये आपल्या वर राहायची ती, माझ्या ऑफिसातली. आता इथे दोन गल्ल्या सोडून राहते आणि कॉम्प्युटरमधलं तिला सगळं समजतं. ती म्हणाली, सोमवारी येते. पण तोवर धीर धरला तर ती मी कसली! शनिवारी आपणच पदर खोचला.

बाबांची धरणांची ड्रॉइंग तिथे ढिगाने होती. त्यांना हात लावायचं धाडस झालं नाही. मग ‘सकाळ’ नावाचं एक फोल्डर दिसलं. आत शेकडो फाइली, नावं म्हणून नुसते आकडे. मला वाटलं, फोनमधला कचरा आला असेल. शिवाय क्लाउड की काय, तिथे सगळं असतंच असं बाबा म्हणायचे. वर आहेच, तर इथलं काढलं म्हणून काय बिघडतं? सगळं निवडलं आणि उडवलं. जागा झाली. मी स्वतःवर खूश होऊन भाजी निवडायला बसले.

रविवारी तुझा फोन आला. एरवी आपलं बोलणं म्हणजे जेवलीस का आणि गोळ्या घेतल्यास का. त्या दिवशी तू काहीच विचारलं नाहीस. एकदम म्हणालीस, “आई, बाबांचं अकाउंट कोण वापरतंय? ‘सकाळ’ रिकामं झालंय. गजानन यांनी काढून टाकलं, असं लिहून आलंय.” तुझा आवाज चिरकला होता. मी म्हटलं, मला काही माहीत नाही बाई, इथे कुणी हातही लावला नाही.

खोटं बोलले. मीच ते केलं. घाबरले होते आणि कशाला घाबरले तेही मला कळत नव्हतं.

सोमवारी मंजूषा आली. चष्मा नाकावर ओढून म्हणाली, “वैजू, दोन वेगळ्या चीजा असतात. एक जागा मोकळी करणं. त्यात फाइल वर क्लाउडमध्ये राहते, इथे नुसतं नाव आणि छोटासा ढग दिसतो. क्लिक केलं की खाली येते. दुसरं डिलीट. शेअर केलेल्या फोल्डरमधून डिलीट केलं, तर समोरच्याकडूनही गायब! तू कोणतं केलं?”

माझं तोंड बघून तीच म्हणाली, “अगं, रडू नको ना. एकदम खत्म नाही होत. महिनाभर कचऱ्याच्या डब्यात पडून राहतं.” तिने सगळं परत आणलं. एव्हाना तुझ्याकडेही आलं असेल.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा ते फोल्डर उघडलं.

प्रत्येक नावापुढे ढग होता. मी एकेक दाबत गेले. सुरुवातीला बाबांचे फोटो, शाहपुऱ्याचं तळं, रोज सकाळचं. कधी धुकं, कधी एखादा बगळा, कधी नुसतं पाणी. प्रत्येकाच्या पाठीला तुझी बंगळूरची खिडकी, छोट्याशा व्हिडिओत. तुझ्या दारचं ते गुलाबी फुलांचं झाड, कुकरची शिट्टी, खाली रिक्षा. बापलेकींचं हे रोजचं चालायचं आणि मला पत्ता नव्हता. मी तेव्हा पोळ्या लाटत असेन.

मग तळं थांबलं. खिडकी थांबली नाही.

दीड वर्ष तू त्यांना खिडकी पाठवते आहेस, ऋचा. त्यानेच हा लॅपटॉप भरला.

ऊन सरकत गेलं तरी मी उठले नाही. झाड पानं टाकायचं, पुन्हा गुलाबी व्हायचं. मध्येच माझा डोळा लागला. बाबा तळ्याकाठी उभे होते आणि तुझी खिडकी पाण्यात होती, आतला दिवासुद्धा दिसत होता. ते म्हणाले, बघ, आज लवकर उठली पोरगी. जागी झाले तेव्हा पुढची खिडकी आपोआप सुरू झाली होती आणि तू बोलत होतीस. “बाबा, आज आईला फोन केला. ठीक आहे म्हणाली. तिला तुमची आठवण येते की नाही, मला कळतच नाही.”

तेराव्याला तू म्हणाली होतीस, आई, तुला कुणाचीच गरज नसते. तुझ्याबरोबर बंगळूरला आले नाही, म्हणून. चारचौघांत रडले नाही, म्हणूनही. मला रडताच आलं नाही गं. आणि हे घर सोडलं असतं, तर ते जिथे जिथे बसायचे ते सगळं सुटलं असतं. हे तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगते. फार आठवण येते. मेथीच्या दोन जुड्या मी कुणासाठी घेते, असं वाटतं तुला?

मंजूषाने नंतर बाबांची ड्रॉइंग वर पाठवून जागा मोकळी केली. जन्मभर माणसाने पाणी अडवलं, शेवटी धरणं ढगात गेली. बाबा हसले असते. ‘सकाळ’ला मात्र मी ‘नेहमी इथेच ठेवा’ करून घेतलं आहे. इंटरनेट गेलं तरी खिडकी माझ्याजवळ राहील. हयातीचा दाखलाही सरकारकडे गेला.

आज सकाळी तळ्यावर गेले, ते गेल्यापासून पहिल्यांदा. त्यांच्या बाकावर त्यांची जागा सोडून बसले. फोटो काढला. तळं तिरकं आलं आहे, कोपऱ्यात माझं बोट आहे. याच फोल्डरमध्ये या पत्राशेजारी ठेवते. तुझ्याकडे लिहून येईल, गजानन यांनी फाइल टाकली. दचकू नकोस, मी आहे. मंजूषा नाव बदलून देते म्हणाली, मी नको म्हटलं.

उद्याची खिडकी पाठव. तिच्यात माझ्याशी बोललीस तरी चालेल.

बाबांच्या नावाने,
तुझी आई