वसईच्या यीस्टची जर्मन बिअर

शनिवार, ८ जून
रेनीच्या लग्नातली बिअर मी घरी करणार, असं जेवताना जाहीर केलं. तीही जर्मन पद्धतीची लागर. होणारा जावई शॉन, त्याचे वडील वेर्नर अस्सल जर्मन, पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समधून रिटायर झालेले. व्याह्याला आपलं पाणी दाखवायला यापेक्षा चांगला मोका नाही. २१ जुलैला ते जेवायला येतायत. तेव्हाच चव देऊन पसंती घ्यायची.
रेनी म्हणाली, डॅड, प्लीज, जस्ट बाय इट. ऐकू न आल्यासारखं केलं. एरवी माझे कान फार तिखट आहेत.

शनिवार, १५ जून
होमब्रूच्या दुकानात गेलो. दाढीवाल्याने लागरच्या यीस्टची एक पुडी पुढे केली. म्हणे हेच घ्या, थंडीत ठेवा, घाई करू नका, दुसरं यीस्ट चालणार नाही. एका व्हॅनवर टाइल्सचा धंदा सुरू करून आज सहा व्हॅन रस्त्यावर आहेत माझ्या. गळ्यात माल मारणाऱ्याचा सूर मला लांबून ओळखू येतो. माणुसकी म्हणून पुडी घेतली आणि फ्रिजमध्ये बटरच्या मागे टाकली.
बिअरला बायकोच्या, हिल्डाच्या डब्यातलं पावाचं यीस्ट घातलं. सढळ हाताने. आमच्या वसईच्या घरी नाताळची वाइन आणि तळलेले फुगे, म्हणजे यीस्टच्या पिठाचे गोळे, एकाच डब्यावर व्हायचे. आईने कधी पुडी वाचली नाही.
यीस्ट इज यीस्ट.

रविवार, १६ जून, सकाळ
इकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, गॅरेज गार. बिअरच्या पिंपाला कान लावला. चिडीचूप.
वसईचं यीस्ट आहे, त्याला वॉलॉंगॉंगची थंडी कशी सोसणार? हिल्डाची गोधडी गुंडाळली, बाजूला हीटर लावला.

त्याच दिवशी, आर्वो (इथली दुपार)
बुडबुड! घरात टीव्हीच्या आवाजातही ऐकू येतेय. कष्टाळू जात.
हिल्डा गोधडी शोधतेय.

रविवार, २३ जून
बिअरला केळ्याचा वास. रेनी नाक धरून गेली. मला यात काही वावगं वाटत नाही. वसईची केळी नावाजलेलीच आहेत.

शनिवार, १३ जुलै
पहिली बाटली उघडली. फेस छताला. उरलेली चाखली. गढूळ आहे, पण अंगात जोर आहे. थोडी पावासारखी लागते. म्हणजे पौष्टिक.

शनिवार, २० जुलै
उद्याच्या फुग्यांसाठी हिल्डाला यीस्ट हवं होतं. डबा रिकामा. म्हणाली, कोणी खाल्लं का काय? मी पेपर वाचत होतो. मग किचनमधून ऐकू आलं, बटरच्या मागे एक पुडी मिळाली गं रेनी, पीठ त्यावरच भिजवते. सांगायला उठणार होतो. पण मग डब्याचंही सांगावं लागलं असतं.
झोपण्यापूर्वी कुरकुरली, पीठ फुगतच नाहीये मेलं.

रविवार, २१ जुलै
पीठ सकाळपर्यंत पातेल्याबाहेर आलं होतं.
वेर्नरनी माझ्या बिअरचा एक घोट घेतला. ग्लासाकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. म्हणाले, इंटरेस्टिंग. जर्मन माणूस मोजकंच बोलतो. ग्लास शेवटपर्यंत तसाच होता. पुरवून पीत असावेत.
पोर्क विंदालूबरोबर फुगे मात्र खातच राहिले. विचारलं, यीस्ट कुठलं? हिल्डाने कचऱ्यातून पुडी काढून दिली. चष्मा लावून वाचली आणि टेबलावर हात आपटून हसले. म्हणाले, मी शेडमध्ये बिअर करतो, ती याच यीस्टवर!
सगळ्यांनी माझ्या ग्लासाकडे बघितलं. हिल्डा मराठीत म्हणाली, कॉस्मास, मग माझा डबा कुठे संपला ते सांग बघू.
बर्फ आणायला उठलो.
फ्रीजरपाशी होतो तरी ऐकू आलं. वेर्नर शॉनला हळूच सांगत होते, ही इज अ गुड मॅन, टेल हिम जेंटली.
गुड मॅन म्हणाले, हे महत्त्वाचं.

सोमवार, २२ जुलै
रेनीने जेंटली सांगितलं. लग्नाला फुगे हिल्डाचे. बिअर वेर्नरच्या शेडमधली. बर्फ माझ्याकडे.
विचार केला तर सगळ्यात जोखमीचं काम हेच. बिअर कोणाचीही असो, कोमट कोण पिणार? रेनीला म्हटलं, तीन-चार ठिकाणचा बर्फ आधी आणून पारखतो.
ती म्हणाली, डॅड, आइस इज आइस.
पोरीला कोण समजावणार. इतकं सोपं असतं का ते!